पारगावचा मोरे

सन दोन हजार पाच. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. मागं गुरं राखल्याचं, तिसरीत शाळा सुटल्याचं, बाप गेल्याचं सगळं लिहून झालं आहे, आणि वाचणारा म्हणेल, पोरवयाच्या गोष्टी सांगता सांगता म्हातारा एकदम अठ्ठेचाळिसावर कसा गेला? तर दाढीमिशा आल्या म्हणजे माणूस वाढला, हे मला कबूल नाही. दाढी बोकडालाही येते. मी वाढलो तो त्या वर्षी. लई उशिरा वाढलो, आणि ज्यांच्या जिवावर वाढलो त्यातली एक आता नाही. म्हणून हे प्रकरण इथंच बसतं. पटत नसेल त्यानं पुढचं पान काढावं.

आमचं गाव आणे. घर आण्याच्या पठारावर, गावापासून जरा बाजूला, वस्तीवर. पठारावर वारा कधी थांबत नाही. पत्रा दिवसभर करकरत असायचा, आणि त्या आवाजात मोऱ्या आणि सर्ज्या ह्या माझ्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं. शेती कोरडवाहू. बाजरी, मटकी, हुलगे. पण मला मान होता तो शेतीचा नव्हे, नजरेचा. बेल्ह्याच्या बैलबाजारात दर सोमवारी मी उभा राहिलो की लोक आपापली जनावरं घेऊन माझ्याकडं यायची. जबड्यात अंगठा घालून ओठ वर केला की दोनदाती, चारदाती, जुळलेला, वयाचं सगळं मी सांगायचो. खांदा बघून सांगायचो हा किती औत ओढेल, आणि चाल बघून सांगायचो ह्याच्या खुरात काय खोट आहे. दुसरा अभिमान म्हणजे माझी सही. तिसरीतली अक्षरं गुरांमागं विसरलो होतो; प्रौढांच्या वर्गाला आठ महिने जाऊन मी ती शिकलो होतो. गावातले माझ्या वयाचे बाप्ये सोसायटीत अंगठा करायचे तेव्हा मी खिशातून पेन काढून ‘धोंडीबा लक्ष्मण थोरात’ असं पूर्ण लिहायचो, आणि खाली रेघ ओढायचो.

आम्हाला एकच लेक, सारिका. तिला जावई मीच बघितला, आणि बैल बघावा तसा बघितला. मनगट बघितलं, छाती बघितली, पोरगा हसला तेव्हा दातही बघितले. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून मुंबईला, सुरतेला ट्रक घेऊन जायचा. कमावता, बोलायला गोड. मी हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, “खोट न्हाई. दे उडवून बार.” लग्नाला वर्ष झालं तोवर जावई उतरला. गालफडं बसली, खोकला धरला. दिवाळीला आला तेव्हा माझ्या नजरेला ते पहिल्या घटकेत दिसलं. बाजारात मी असल्या जनावराची दावण सोडून पुढं जातो. पण घरात मी काही बोललो नाही. आपण पारखून आणलेल्या मालात खोट निघाली, हे आपल्याच तोंडानं कोण सांगेल?

सातव्या महिन्यात सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घराला एकदम वास आला. हौसानं डिंक तळला, आळीव भिजवले, खोबरं खिसलं. पोरगी एकोणीस वर्षांची, पोटाशी हात धरून ओट्यावर बसायची आणि आईला म्हणायची, “आई, मला तुझ्या हातचं हुलग्याचं माडगं पाहिजे,” आणि हौसा हातातलं सगळं टाकून चूल फुंकायची. त्या आठ-दहा दिवसांसारखे दिवस पुन्हा आमच्या घरात आले नाहीत.

नाव नोंदवायला तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. बाजारात एकानं मला बोलता बोलता सांगितलं होतं की तिथं पोटुशी बायांचं रक्त ‘त्या’ आजारासाठीही तपासतात. माझ्या डोळ्यापुढं जावयाची गालफडं आली. हौसाला घरी ठेवून मी एकटाच सारिकाला घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “नाव?” आणि मी घडघडीत म्हणालो, “लक्ष्मी मोरे.” मोरे कुठून आलं म्हणाल, तर सकाळीच मोऱ्याला वैरण टाकून निघालो होतो. “गाव?” “पारगाव. आंबेगाव तालुका.” कारखान्याला ऊस वाहायला एक साल बैलगाडी घेऊन मी तिथं राहिलो होतो, तेवढीच ओळख. “एवढ्या लांबून इकडं कसे?” “पावण्यांकडं आलोय.” सारिकानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

आत बोलावणं आलं तेव्हा शिपायानं तीनदा हाक मारली, “लक्ष्मी मोरे!” कोणीच उठेना. शेवटी मी कोपर मारलं तेव्हा पोरगी उठली. आतल्या खोलीत एक तरुण बाई बसायच्या, समजावून सांगायचं काम त्यांच्याकडं. काळे मॅडम. त्यांनी आधी तिला एकटीला आत घेतलं. रक्त दिलं, आम्ही बाहेर बाकावर बसलो, मग पुन्हा तिला एकटीलाच बोलावलं. बऱ्याच वेळानं पोरगीनंच सांगितलं म्हणून मला आत घेतलं. सारिका भिंतीकडं तोंड करून बसली होती.

“बाबा, लक्ष्मीच्या रक्तात एचआयव्ही निघालाय,” मॅडम म्हणाल्या. “ह्यात तिची काही चूक नाही. नवऱ्यालाही तपासायला आणा. आणि नीट ऐका, बाळ वाचवता येतं.”

“मॅडम,” मी म्हणालो, “मी जबडा उघडून बैलाचं वय सांगतो. बेल्ह्याच्या बाजारात मला इचारल्याबिगर दावं सुटत न्हाई. ही पोरगी बघा की. अंगानं भरल्याली, डोळं पांढरंशुभ्र. हिला काय झालंय?”

“बाबा, हे दातांत दिसत नाही.”

मग त्यांनी पुडीत एक गोळी दिली. कळा सुरू झाल्या की ती गिळायची. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. आणि बाळ जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत त्याला औषधाचे थेंब पाजायचे, ते तिथंच मिळतील. “बाळाला होणारच नाही असं वचन मी देत नाही,” त्या म्हणाल्या, “पण धोका पुष्कळ कमी होतो. तेवढं करा. आणि हिचं ताट-पेला वेगळा काढू नका. एकत्र जेवल्यानं हे होत नाही.” केसपेपरवर त्यांनी तारीख लिहून दिली. रजिस्टर पुढं केलं, सोबत आलेल्याची सही पाहिजे म्हणाल्या. माझा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला. मग मी अंगठा पुढं केला. आयुष्यात सही शिकल्यावर केलेला तो माझा पहिला अंगठा.

घरी आल्यावर मी हौसाला सांगितलं तसं तिनं चुलीपुढं बसकण मारली. मग म्हणाली, “जावय बी दात बघूनच घेतला व्हता न्हवं?” मी तिच्यावर हात उगारला आणि खाली घेतला. त्या दिवसापासून सारिकाचा पेला मी वेगळा काढला. स्टीलचा, तिचंच नाव घातलेला, रुखवतातला. भिंतीला खिळा ठोकून त्यावर तो अडकवला. हौसा म्हणाली, “आवं, बाई न्हाई म्हनाल्या न्हवं?” मी म्हणालो, “बाईला काय जातंय सांगायला.”

सारिका आता चाळिशीला आली आहे. नारायणगावात एका खोलीत राहते, रोपवाटिकेत कामाला जाते, संध्याकाळी मोबाइलचा गजर झाला की गोळी घेते. एक दिवस चुकवत नाही. दिवाळीला तासाभरासाठी येते. तहान लागली की पिशवीतून स्वतःचा पेला काढते, माठातलं पाणी घेते, पिते, पेला पुसून परत पिशवीत ठेवते. मी कितीदा म्हणालो, “अगं, घरात पेलं हायेत.” ती म्हणते, “राहू द्या अण्णा, सवय झालीय.” भिंतीतला खिळा मी कधीच काढला. त्याचं भोक तसंच आहे.

तर त्या वर्षी दिवस भरले, आणि कळा सकाळीच सुरू झाल्या. पोरीनं गोळी गिळली, तेवढं तिनं कुणाला न विचारता केलं. मी जीप सांगायला निघालो आणि वेशीपाशी थांबलो. जीप म्हटली की चार बाया सोबत चढणार, दवाखान्यात नाव विचारणार, आणि मोरे कोण ते सगळ्यांना कळणार. मी मागं फिरलो आणि वस्तीवरच्या सुईणीला हाक मारली. दुपारी पोर झाली. मुलगी, रडण्यात दम होता. ओव्याशेपाची धुरी दिली, घर धुरानं आणि त्या गोड वासानं भरलं. सुईण म्हणाली, “धोंडीबा, नात झाली, पेढं काढा,” आणि मी खरंच हसलो.

दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी हौसानं बाळाला दुपट्यात गुंडाळलं, डोक्याला कुंची बांधली आणि दारात आली. “तीन दिसात थेंब पाजायचं म्हनाल्या व्हत्या. मी जाते. सुईणीला सांगते, देवाला नेतेय.”

“तीन दिसाचं पोर सोयरात कुठल्या देवाला नेतीस? गाव येडं हाय व्हय? पाचवी व्हवू दे, मग बघू.”

“पाचवीपत्तुर टाइम जातोय तिचा.”

मी उंबऱ्यात उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीला लावले. आतून सारिकाचा आवाज आला, “अण्णा, जाऊ द्या ना तिला.” एवढंच. मोठ्यानं बोलली असती तर शेजारी ऐकू गेलं असतं, म्हणून तीही हळूच बोलली. माझं भय तिनंही उचललं होतं. मी हललो नाही. हौसा तशीच पोर छातीशी धरून उभी होती, पत्रा करकरत होता, आणि ऊन उंबऱ्यावरून आत सरकत गेलं. शेवटी तिनं बाळाची कुंची सोडली.

पाचवीला तिन्हीसांजेला पाट मांडला. आमच्यात सटवाई येऊन पोराच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. घरात कोरा कागद सापडेना. तिसरी शिकलेल्याच्या घरात कागद कुठून असणार? फळीवर दवाखान्याचा केसपेपर होता, त्याची मागची बाजू कोरी. मी तो पालथा घालून पाटावर ठेवला आणि वर माझं सहीचं पेन. सारिकानं ते बघितलं. तिला माहीत होतं खालच्या बाजूला कोणाचं नाव आहे. सटवाईनं काय लिहायचं ते लिहिलं असेल, पण कोणाच्या नावावर लिहिलं, हे मी आजही मनात धरून बसतो.

पोरीचं नाव कोमल ठेवलं. घरात सगळे चिमी म्हणायचे. चौथ्या महिन्यात चिमी अशी गुटगुटीत झाली की मनगटाला वळ्या पडल्या. त्याच सुमाराला एका सोमवारी मी बाजारात उभा होतो. बबन नावाचा हेड्या, म्हणजे बैलांचा दलाल, माझा जुना सोबती, ओरडला, “धोंडीबा, गिऱ्हाईक बघ! आता बाया बी बैल घ्यायला लागल्या राव!” बघतो तर काळे मॅडम. चपलांवर शेणमाती, खांद्याला पिशवी. त्यांनी माझं खोटं नाव घेतलं नाही, दवाखान्याचं नाव काढलं नाही. चारचौघांत म्हणाल्या, “दात बघणारे बाबा तुम्हीच ना? एक बैल बघून द्यायचा होता. तिकडं बांधलाय.”

बाभळीखाली बैल नव्हता. मॅडम थांबल्या. “मोरे बाबा, बाळ कसं आहे?”

“मी मोरे न्हाई,” मी म्हणालो. नावाबाबत त्या बाईशी बोललेलं माझं हे पहिलं खरं वाक्य, आणि त्याच्यासारखं खोटं मी जन्मात बोललो नाही.

“पारगावला तीनदा गेले,” त्या म्हणाल्या. आवाज चढा नव्हता, दमलेला होता. “पहिल्यांदा गेले तेव्हा थेंबांची बाटली पर्समध्ये होती. मोऱ्यांची सगळी घरं झाली. एका घरात लक्ष्मी निघाली, सत्तर वर्षांची. मला चहा पाजला म्हातारीनं. मग तुमचं ते बैलाच्या दातांचं बोलणं आठवलं. थेंबांची वेळ गेली, बाबा. पण अजून सगळं गेलेलं नाही. बाळाला तपासता येईल, त्याला रोज द्यायचं औषध आहे. लक्ष्मीला पुण्याला नाव लावून गोळ्या मिळतात, पैसे लागत नाहीत. फक्त आणा त्यांना.”

“बाई, तुमी दुसऱ्याच कुनाला तरी हुडकताय. माझी लेक सासरी हाय. सुखात हाय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लोकांच्या बैलांकडं बघतो तसं. “बरं,” त्या म्हणाल्या. “तो दुसरा कोणी तुम्हाला भेटला तर सांगा, मी सोमवार ते शनिवार असते. नाव काहीही सांगू दे. नुसतं येऊ दे.” आणि दोन पावलं जाऊन मागं वळल्या, “बाळ मुलगा की मुलगी, तेवढं तरी सांगा.” मी बाजाराकडं वळलो. बबननं विचारलं, “काय रं, बैल कसा व्हता?” मी म्हणालो, “खोटीचा.”

घरी येऊन मी चिमीला दोन्ही हातांवर तोलून बघितलं. हिरड्या बघितल्या, मांड्या दाबून बघितल्या. हसली ती. मी हौसाला म्हणालो, “खणखणीत हाय. एक खोट न्हाई.” बाई येऊन गेल्याचं मी घरात कोणाला सांगितलं नाही. ते लिहितो आहे ते आज, पहिल्यांदा. हौसा गेली, तिला ते कधी कळलंच नाही.

सातव्या महिन्यात चिमीचं तोंड आतून पांढरं झालं. दूध ओढीना. मग हगवण, मग ताप, मग श्वासाची धाप. गावातल्या डॉक्टरनं सुया दिल्या, त्याला आम्ही आजाराचं काही सांगितलं नव्हतं, तो बिचारा काय करणार. हौसानं नजर काढली. वळ्या गेल्या, कातडं लोंबायला लागलं. माझ्या नजरेला आता काही पारखायचं उरलं नव्हतं, कुणीही आंधळ्यानं हात लावून सांगितलं असतं. सारिका रोज म्हणायची, “अण्णा, त्या बाईंकडं जाऊ,” आणि मी रोज म्हणायचो, “उद्या.” त्याच महिन्यात जावई गेल्याचा सांगावा आला. सासरहून कोणी तिला न्यायला आलं नाही, आणि मी तिला पाठवलीही नाही.

चिमी नवव्या महिन्यात गेली. दुपारची वेळ, खळ्यावर बाजरीचं काड पडलेलं. सारिकाच्या मांडीवरच गेली. काही आवाज झाला नाही, नुसती धाप थांबली. बांधावर खड्डा मीच खणला. जमीन मुरमाड, पहार आपटायची आणि ठिणगी उडायची. परत आलो तर शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. कोणी हात लावला नाही. सारिका उठली, खिळ्यावरचा आपला पेला काढला, पाणी प्याली, आणि तो हातात धरूनच माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“अण्णा,” ती म्हणाली, “आता तरी माझं नाव सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतक धरायचं सोडून, मी पहिल्या गाडीनं तिला घेऊन निघालो. ती पुढच्या बाकड्यावर बसली, मी मागं. फळीवरचा केसपेपर घडी करून माझ्या खिशात होता. खिडकीत तोच माणूस होता. “नाव?” मी म्हणालो, “सारिका. बाप धोंडीबा लक्ष्मण थोरात. गाव आणे.” मागं रांगेत आमच्या पठारावरच्या दोन बाया होत्या. त्यांनी ऐकलं. मी ऐकू दिलं.

काळे मॅडमनी आम्हाला बघितलं आणि खुर्ची पुढं ओढली. जुनं रजिस्टर काढलं, पान उघडलं. लक्ष्मी मोरे, पारगाव. त्यापुढं तांबड्या शाईनं तीन ओळी, तिन्ही एकसारख्या. मी अडखळत वाचल्या. ‘पत्त्यावर आढळले नाहीत.’

“बाळ?” मॅडमनी सारिकाला विचारलं.

“मुलगी होती,” सारिका म्हणाली. “काल गेली.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. खिडकीकडं बघत बसल्या. मग पेन उचललं, मोरे ह्या नावावर एक रेघ मारली आणि नवीन ओळीत सारिकाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, पुण्याला पाठवायची चिठ्ठी लिहिली. रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. मागच्या वेळचा माझा अंगठा त्या पानावर निळाच होता. तो बघून त्यांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं.

मी म्हणालो, “मला सही येते.”

आणि खिशातून पेन काढून, एकेक अक्षर सुटं, पूर्ण नाव लिहिलं. खाली रेघ ओढली नाही.